रक्ततपासणीचा अहवाल : काय सांगतो आणि काय सांगत नाही

पावसाळा सुरू होऊन महिना-दीड महिना लोटला की नवी मुंबईतील दवाखान्यांतून आणि प्रयोगशाळांतून गर्दी वाढू लागते. दिघा-ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत पसरलेल्या या नगरीत एका बाजूस ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा आहे, तुर्भे-वाशीचा घाऊक बाजार आहे, मधूनमधून जुनी गावठाणे आहेत आणि सतत कोठे ना कोठे चालू असलेली बांधकामे आहेत. ताप येतो, दोन दिवसांत उतरत नाही. डॉक्टर रक्त तपासून घेण्यास सांगतात, किंवा पुष्कळदा रुग्ण स्वतःच प्रयोगशाळेत जाऊन ‘तापाच्या सगळ्या तपासण्या’ करून घेतो. सायंकाळी हाती येतो तो दोन-तीन पानांचा अहवाल. त्यातील काही आकडे ठळक अक्षरांत छापलेले असतात, काहींपुढे वर वा खाली दर्शविणारे बाण असतात, आणि शेवटच्या पानावर ‘विडाल : पॉझिटिव्ह’ अशी एक ओळ असते. घरातील चिंता सुरू होते ती बहुधा त्या ओळीपासून.

हा अहवाल केवळ रुग्णाच्या घरापुरता राहत नाही. तो शाळेत रजेच्या अर्जासोबत येतो, कार्यालयात वैद्यकीय खर्चाच्या देयकाला जोडला जातो, आणि गावात पाच-सहा घरांतून एकाच प्रकारचे अहवाल निघाले की ग्रामपंचायतीच्या बैठकीत साथीचा विषय म्हणून मांडला जातो. त्यामुळे त्याचा अर्थ कसा लावावा हे वैद्यकीय व्यवसायाबाहेरील मंडळींनाही ठाऊक असणे अगत्याचे आहे. औषध ठरविणे हे डॉक्टरांचेच काम आहे. परंतु कागदावरील आकड्याला किती महत्त्व द्यावे, हे समजण्यास वैद्यकशास्त्राची पदवी लागत नाही.

‘सामान्य मर्यादा’ म्हणजे काय?

अहवालात प्रत्येक आकड्यासमोर एक मर्यादा छापलेली असते. तिच्या आत असणारा माणूस निरोगी आणि बाहेर असणारा रोगी, असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. ही मर्यादा ठरविण्यासाठी निरोगी माणसांच्या मोठ्या समूहाचे रक्त तपासले जाते आणि त्यांतील मधल्या ९५ टक्के लोकांचे आकडे ज्या दोन टोकांच्या दरम्यान पडतात, ती टोके कागदावर छापली जातात. म्हणजेच शंभर निरोगी माणसांतील पाच जण कोणताही आजार नसताना या मर्यादेबाहेर असणार, हे व्याख्येतच गृहीत धरलेले आहे.

यातून निघणारा हिशेब फारसा कोणी करून पाहत नाही. परस्परांशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या एकाच निरोगी माणसावर केल्या, तर त्यांतील निदान एक आकडा मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. संपूर्ण आरोग्य तपासणी म्हणून सवलतीच्या दरात साठ-सत्तर तपासण्यांचे जे संच विकले जातात, त्यांतून एकही ठळक अक्षर नसलेला अहवाल हाती येणे हीच नवलाची गोष्ट म्हणावी लागेल. मर्यादेच्या काठावर किंचित इकडेतिकडे असलेला आकडा आणि मर्यादेपासून खूप दूर गेलेला आकडा यांना छपाईयंत्र सारख्याच ठळक अक्षरांत छापते. त्यांतील भेद वाचणाऱ्याने करावयाचा असतो.

शिवाय वय, स्त्री-पुरुष भेद, गर्भारपण यांनुसार मर्यादा बदलतात. लहान मुलांच्या रक्तातील लिम्फोसाइट पेशींचे प्रमाण प्रौढांपेक्षा स्वाभाविकपणेच अधिक असते. त्या अहवालावर प्रौढांची मर्यादा छापली गेल्यास निरोगी बालकही आजारी दिसू लागते. नमुना कसा घेतला व कसा ठेवला यालाही महत्त्व आहे. योग्य परिरक्षक नसलेल्या नळीत रक्त तासन् तास पडून राहिले तर त्यातील साखर पेशीच वापरून टाकतात आणि आकडा खोटा कमी येतो. तांबड्या पेशी फुटल्या तर पोटॅशियमचा आकडा खोटा वाढतो. गावात आरोग्य शिबीर भरवून सकाळी घेतलेले नमुने दुपारच्या उन्हातून शहराकडे नेले जातात, तेव्हा हा दोष हमखास संभवतो. शिबीर भरविणाऱ्या ग्रामपंचायतीने नमुने कोणत्या पेटीतून व किती वेळात प्रयोगशाळेत पोचतील, हे आधीच विचारून घेणे योग्य ठरेल.

पेशींची मोजदाद

तापाच्या रुग्णाची पहिली तपासणी बहुधा हिमोग्राम ही असते. तीत रक्तातील तीन प्रकारच्या घटकांची मोजदाद केली जाते : तांबड्या पेशी व त्यांतील हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, आणि रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या रक्तबिंबिका, म्हणजेच बोलीभाषेतील प्लेटलेट.

प्रौढांच्या रक्तात दर घन मिलिमीटरमध्ये साधारणतः ४,००० ते ११,००० पांढऱ्या पेशी असतात. जंतुसंसर्ग झाला की त्या वाढतात, एवढेच बहुतेकांना ठाऊक असते. वस्तुतः ज्या तापांची या भागात सर्वाधिक धास्ती असते, त्यांतील डेंग्यूमध्ये या पेशी पुष्कळदा कमी होतात, विषमज्वरात त्या सामान्य वा कमी राहतात, आणि लेप्टोस्पायरोसिसमध्ये मात्र वाढतात. म्हणजे रक्तबिंबिका कमी असलेल्या दोन रुग्णांपैकी एकाच्या पांढऱ्या पेशी ३,००० आणि दुसऱ्याच्या १८,००० असतील, तर डॉक्टरांच्या मनात दोन निरनिराळ्या रोगांची शंका उभी राहते. एकच आकडा पाहून भागत नाही तो यासाठीच. उलटपक्षी, पेशी १२,००० झाल्या म्हणजे प्रतिजैविक औषध हवेच, असेही नाही. श्रम, मानसिक ताण, गर्भारपण आणि दम्यासाठी घेतलेली स्टेरॉइड औषधे यांनीही त्या वाढतात.

ई.एस.आर. या तपासणीबद्दलही असाच गैरसमज आहे. उभ्या नळीतील रक्ताच्या तांबड्या पेशी एका तासात किती मिलिमीटर खाली बसतात, एवढेच तीत मोजतात. हा आकडा वयानुसार, गर्भारपणात आणि रक्तक्षय असतानाही वाढतो. तो वाढला म्हणजे शरीरात काही दाह चालू असावा एवढे कळते. तो कोठे व कशाचा, हे कळत नाही. तरीही ‘ई.एस.आर. वाढला म्हणजे क्षय’ असे सांगणारे लोक आजही भेटतात.

साऱ्या अहवालात ज्या आकड्याकडे सर्वात कमी लक्ष जाते, तो हिमोग्लोबिनचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमपेक्षा, गरोदर स्त्रीचे ११ ग्रॅमपेक्षा आणि प्रौढ पुरुषाचे १३ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास त्यास रक्तक्षय म्हणतात. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. तापासाठी केलेल्या तपासणीत एखाद्या मातेचे हिमोग्लोबिन ८ निघते, घरातील सर्वांचे डोळे रक्तबिंबिकांवर खिळलेले असतात, ताप उतरतो आणि तो ८ चा आकडा कपाटात जातो. लोह देऊनही तो वाढला नाही व तांबड्या पेशींचा आकार लहानच राहिला, तर थॅलेसीमियाचा वाहक गुण आहे काय, हेही तपासावे लागते. पती-पत्नी दोघेही असे वाहक असल्यास त्यांच्या अपत्याच्या दृष्टीने ही माहिती फार मोलाची असते.

विडाल चाचणीची कथा

आता त्या शेवटच्या पानावरील ओळीकडे वळू. विषमज्वर, म्हणजे टायफॉईड, हा साल्मोनेला टायफी या जंतूमुळे होतो. दूषित पाणी व अन्न यांतून तो पसरतो. जंतू शरीरात शिरल्यावर रक्तात त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. १८९६ साली पॅरिसमध्ये फेर्नां विडाल या वैद्याने दाखवून दिले की, विषमज्वराच्या रुग्णाच्या रक्तद्रवात हे जंतू मिसळले असता ते एकमेकांना चिकटून त्यांच्या गुठळ्या होतात. त्याच तत्त्वावरील चाचणी सव्वाशे वर्षांनंतर आजही वापरात आहे. ती स्वस्त आहे, तिला यंत्र लागत नाही आणि काचपट्टीवर काही मिनिटांत उत्तर मिळते. तिच्या लोकप्रियतेची कारणे एवढ्यावरच संपतात.

अहवालात ‘ओ’ व ‘एच’ या अक्षरांपुढे १:८०, १:१६० असे आकडे असतात. १:१६० म्हणजे रक्तद्रव १६० पट पातळ केल्यावरही गुठळ्या दिसल्या. आकडा जितका मोठा तितकी प्रतिपिंडे अधिक. परंतु ही प्रतिपिंडे आजच्या तापाचीच आहेत, हे त्यावरून सिद्ध होत नाही. ज्या प्रदेशात विषमज्वराचा वावर आहे, तेथील पुष्कळ निरोगी लोकांच्या रक्तात पूर्वी केव्हातरी होऊन गेलेल्या संसर्गाची प्रतिपिंडे असतात. साल्मोनेला कुळातील इतर जंतूंमुळेही गुठळ्या दिसतात. हिवताप किंवा अन्य तापामुळे प्रतिकारयंत्रणा जागी झाली म्हणजे जुनी प्रतिपिंडेही पुन्हा डोके वर काढतात. म्हणून डेंग्यूच्या रुग्णाचा विडाल अहवाल पॉझिटिव्ह येणे ही गोष्ट विरळा नाही. मग ‘डेंग्यू आणि टायफॉईड दोन्ही झाले’ असे सांगितले जाते आणि घरचे हवालदिल होतात.

याची दुसरी बाजू तितकीच गंभीर आहे. प्रतिपिंडे तयार होण्यास वेळ लागतो. तापाच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी खऱ्या विषमज्वराच्या रुग्णाचीही विडाल चाचणी निगेटिव्ह येऊ शकते. ‘टायफॉईड नाही’ असे समजून उपचार लांबतो, आणि उपचारावाचून राहिलेल्या विषमज्वरात तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास आतड्यास छिद्र पडण्याचा वा रक्तस्राव होण्याचा धोका असतो. शास्त्रानुसार या चाचणीचा अर्थ लावावयाचा तर आजाराच्या आरंभी एक आणि दहा ते चौदा दिवसांनी दुसरा, असे दोन नमुने घेऊन प्रतिपिंडांत चौपट वाढ झाली काय ते पाहावे लागते. तोवर रुग्ण बरा झालेला असतो किंवा फार आजारी. त्यामुळे दुसरा नमुना सहसा कोणी देत नाही.

विषमज्वराचे खात्रीचे निदान म्हणजे रुग्णाच्या रक्तातून प्रत्यक्ष जंतू वाढवून दाखविणे. यास ब्लड कल्चर म्हणतात. पोषक द्रव्याच्या बाटलीत रक्त घालून ती उबेत ठेवतात. जंतू असल्यास तो दोन ते पाच दिवसांत वाढून दिसतो. या पद्धतीचा मोठा लाभ असा की, कोणते औषध त्या जंतूवर चालते व कोणते नाही, हेही त्याच वेळी कळते. मात्र तीही परिपूर्ण नाही. खरोखर विषमज्वर असलेल्या शंभर रुग्णांपैकी सुमारे साठांच्याच रक्तात जंतू सापडतो. रक्त पुरेसे घेतले नाही, किंवा आधीच प्रतिजैविकाच्या चार गोळ्या पोटात गेल्या असतील, तर हे प्रमाण आणखी घसरते. प्रौढासाठी आठ-दहा मिलिलिटर रक्त घेतले जाते तेव्हा ‘एवढे रक्त कशाला?’ म्हणून नातेवाईक कुरकुरतात. पण तेवढे रक्त घेतल्यावाचून तपासणीचा खर्च व्यर्थ जाण्याचीच शक्यता अधिक.

औषध चालते की नाही, या प्रश्नाचे गांभीर्य भारतीय अनुभवातून चांगले कळते. १९४८ पासून क्लोरॅम्फेनिकॉल हे विषमज्वरावरील हुकमी औषध मानले जाई. १९७२ मध्ये केरळातील कालिकत येथे त्या औषधास दाद न देणाऱ्या विषमज्वराची साथ आली. १९९० च्या सुमारास एकाच वेळी अनेक औषधांना न जुमानणारे जंतू देशात पसरले. त्यांच्या जागी आलेली सिप्रोफ्लॉक्सॅसिन वर्गातील औषधेही आता पुष्कळ ठिकाणी निष्प्रभ झाली आहेत. २०१६ मध्ये पाकिस्तानातील सिंध प्रांतात याहूनही चिवट जंतूची साथ सुरू झाली, आणि सेफट्रायाक्झोन या इंजेक्शनास न जुमानणारे काही जंतू मुंबईतील रुग्णांच्या नमुन्यांतही आढळले आहेत. विषमज्वर नसलेल्या माणसास विडालच्या एका ओळीवरून दिलेले दहा दिवसांचे प्रतिजैविक त्या माणसाला बरे करीत नाही, आणि पुढच्या खऱ्या रुग्णाचे औषध मात्र बोथट करून ठेवते.

नवी मुंबईतील मोहीम

विषमज्वराच्या बाबतीत नवी मुंबई महानगरपालिकेचे नाव जगाच्या नकाशावर आहे, हे शहराबाहेर फारसे कोणास माहीत नसावे. हैदराबाद येथे तयार झालेल्या विषमज्वराच्या संयुग्म लसीस जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ च्या अखेरीस पूर्वमान्यता दिली आणि मार्च २०१८ मध्ये विषमज्वर मोठ्या प्रमाणावर असलेल्या देशांसाठी तिची शिफारस केली. त्यानंतर अवघ्या काही महिन्यांत, १४ जुलै २०१८ रोजी, नवी मुंबईत महानगरपालिकेने ९ महिने ते १४ वर्षे वयाच्या बालकांसाठी या लसीची मोहीम सुरू केली. सार्वजनिक आरोग्यसेवेमार्फत ही लस देण्याचा हा जगातील पहिलाच उपक्रम होता.

शहरातील अशा बालकांची संख्या सुमारे ३ लक्ष २० हजार होती. मोहीम दोन टप्प्यांत योजण्यात आली. महानगरपालिकेच्या २२ नागरी आरोग्य केंद्रांपैकी ११ केंद्रांची क्षेत्रे पहिल्या टप्प्यासाठी चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने निवडली गेली. २५ ऑगस्ट २०१८ पर्यंत सुमारे १ लक्ष १३ हजार ४२० बालकांना, म्हणजे त्या क्षेत्रांतील अपेक्षित बालकांपैकी ७१ टक्क्यांना लस टोचण्यात आली. उरलेली क्षेत्रे दुसऱ्या टप्प्यासाठी राखलेली असल्याने दोहोंची तुलना करण्याची संधी आपोआप मिळाली.

तुलना करावयाची तर विषमज्वराचे रुग्ण मोजावयास हवेत. आणि मोजावयाचे कशाने, हा कळीचा प्रश्न होता. विडाल चाचणीवर विसंबले असते तर खोट्या रुग्णांच्या गर्दीत खरा फरक बुडून गेला असता. म्हणून शहरातील सहा रुग्णालयांत तीन दिवस वा अधिक काळ ताप असलेल्या बालकांना ब्लड कल्चरची तपासणी देऊ करण्यात आली. सप्टेंबर २०१८ ते मार्च २०२१ या काळात कल्चरने सिद्ध झालेले ८१ रुग्ण सापडले. ताप असूनही ज्यांच्या रक्तात जंतू आढळला नाही अशा, त्याच वयाच्या २३८ बालकांशी त्यांची तुलना करण्यात आली. लसीकरण झालेल्या क्षेत्रांत विषमज्वराचे प्रमाण सुमारे ५६ टक्क्यांनी कमी असल्याचे दिसून आले. हा आकडा प्रत्यक्ष लस टोचलेल्या मुलापुरता नाही, तर लस मिळालेली व न मिळालेली अशी सर्व मुले धरून साऱ्या वस्तीचा आहे.

अडीच वर्षांत सहा रुग्णालयांत मिळून तुलनेसाठी ८१ सिद्ध रुग्ण मिळतात, ही गोष्ट स्वतंत्रपणेही विचार करण्याजोगी आहे. कल्चर काही रुग्णांना हुकते, सर्व मुले त्या रुग्णालयांत येत नाहीत आणि मधला एक काळ कोविडच्या टाळेबंदीचा होता, हे सारे जमेस धरावेच लागेल. तरीही पावसाळ्यात ‘टायफॉईड निघाला’ असे जितक्या घरांतून ऐकू येते, त्याच्याशी या संख्येचा मेळ घालून पाहावा.

लस घेतलेल्या बालकांच्या पालकांकडून एक शंका विचारली जाते : लसीमुळेच विडाल पॉझिटिव्ह येईल काय? ही लस जंतूच्या ‘व्ही-आय’ नावाच्या आवरणाविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण करते, तर विडाल चाचणी ‘ओ’ व ‘एच’ घटकांविरुद्धची प्रतिपिंडे शोधते. त्यामुळे या लसीचा विडालवर सहसा परिणाम होत नाही. पूर्वीच्या काळी मृत जंतूंपासून केलेली जी लस टोचली जाई, तिच्यामुळे मात्र असा घोटाळा होत असे.

रक्तबिंबिकांची धास्ती

डेंग्यूच्या दिवसांत रक्तबिंबिकांचा आकडा लोक बाजारभावाप्रमाणे विचारतात. सामान्य प्रमाण दर घन मिलिमीटरमध्ये दीड ते साडेचार लक्ष. तो ८०,००० वर आला की नातेवाईक रक्तपेढ्यांकडे धाव घेतात. वास्तविक डेंग्यूच्या बहुसंख्य रुग्णांत रक्तबिंबिका खाली जातात आणि काही दिवसांत आपोआप वर येतात. रक्तस्राव नसेल तर आकडा १०,००० च्या खाली जाईपर्यंत त्या बाहेरून देण्याची सहसा आवश्यकता नसते, असे राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. रक्तपेढीत रक्तबिंबिका केवळ पाचच दिवस टिकतात. अनावश्यक मागणीमुळे कर्करोगाच्या वा गंभीर रक्तस्रावाच्या रुग्णास त्या मिळेनाशा होतात.

कधी कधी तर आकडाच खोटा असतो. नमुन्याच्या नळीतील रसायनामुळे काही व्यक्तींच्या रक्तबिंबिका एकमेकींस चिकटतात आणि मोजणारे यंत्र त्या झुपक्यांना एकच समजते. काचपट्टीवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की हा भ्रम तत्काळ दूर होतो. ताप नाही, त्रास नाही आणि अचानक आकडा ४०,००० आला, तर प्रथम काचपट्टी पाहिली काय हे विचारावे.

डेंग्यूमध्ये खरा धोका असतो तो रक्तवाहिन्यांतील द्रव बाहेर झिरपण्याचा. आणि तो ताप उतरू लागल्यावर, साधारणतः तिसऱ्या ते सातव्या दिवसांच्या दरम्यान येतो. ताप गेला म्हणून घरचे निश्चिंत होतात नेमक्या त्याच वेळी. रक्त घट्ट होत असल्याचे हिमॅटोक्रिट या आकड्यावरून कळते; पण कागदापेक्षाही रुग्णाकडे पाहून अधिक कळते. पोटात तीव्र वेदना, सतत उलट्या, हिरड्यांतून वा नाकातून रक्त, कमालीची ग्लानी किंवा अस्वस्थता, लघवी कमी होणे, यांपैकी काहीही दिसल्यास रक्तबिंबिका एक लक्ष असल्या तरी रुग्णास त्वरित रुग्णालयात न्यावे. तापासाठी पॅरासिटामॉल पुरते. ॲस्पिरिन वा आयब्युप्रोफेन घेऊ नये.

डेंग्यूच्या निदानातही दिवस मोजावे लागतात. पहिल्या पाच दिवसांत विषाणूचा एन.एस. १ हा घटक शोधतात, त्यानंतर आय.जी.एम. प्रतिपिंडे. पाचव्या दिवसापूर्वी केलेली प्रतिपिंडांची तपासणी निगेटिव्ह आली म्हणून डेंग्यू नाही, असे ठरत नाही. झटपट पट्टीवरील तपासणीपेक्षा एलायझा पद्धत अधिक विश्वसनीय असून शासकीय केंद्रांना लागणारे आय.जी.एम.चे संच पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत तयार होतात.

हिवतापाचे मात्र तसे नाही. १८८० साली लाव्हेरां यांनी अल्जीरियात माणसाच्या रक्तात हिवतापाचा परजीवी प्रत्यक्ष पाहिला, आणि १८९७ मध्ये रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबाद येथे तो डासाच्या शरीरात दाखविला. तेव्हापासून काचपट्टीवरील रक्ताचा थेंब हीच निदानाची मुख्य कसोटी राहिली आहे. त्या थेंबास रंग देण्याची स्वस्त पद्धत १९४४ मध्ये जसवंत सिंग व भट्टाचार्जी यांनी भारतातच शोधून काढली. येथे परजीवी डोळ्यांना दिसतो, म्हणून ‘पॉझिटिव्ह’ याचा अर्थ खरोखरच पॉझिटिव्ह. निगेटिव्ह अहवाल मात्र एकदाच पुरेसा नाही. थंडी वाजून ताप येतच राहिला तर पुन्हा थेंब द्यावा. व्हायव्हॅक्स प्रकारात परजीवी यकृतात लपून राहतात, यास्तव प्रायमाक्विनच्या गोळ्या १४ दिवस घ्याव्या लागतात. गरोदर स्त्रिया व तान्ही बालके यांना त्या देत नाहीत. बांधकामावरील मजूर ताप उतरताच गोळ्या सोडतो, दुसऱ्या बांधकामावर जातो आणि काही आठवड्यांनी तेथे पुन्हा आजारी पडतो.

लेप्टोस्पायरोसिसबाबत कागदाची वाट पाहणेच धोक्याचे असते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतरच्या दिवसांत साचलेल्या पाण्यातून चाललेल्या लोकांमध्ये या रोगाची मोठी साथ आली. प्रतिपिंडे दिसण्यास पाच-सात दिवस लागतात, आणि तोवर मूत्रपिंडे व फुप्फुसे यांवर आघात होऊ शकतो. पाण्या-चिखलातून चालल्याचा इतिहास, डोळ्यांची लाली आणि पोटऱ्यांतील तीव्र वेदना असल्यास डॉक्टर अहवाल येण्यापूर्वीच औषध सुरू करतात, आणि ते योग्यच असते.

‘रिॲक्टिव्ह’ या शब्दाची भीती

नोकरीपूर्वीच्या तपासणीत, शस्त्रक्रियेआधी वा रक्तदानानंतर एखाद्याच्या हाती ‘रिॲक्टिव्ह’ असा शेरा येतो आणि त्याच्या पायाखालची जमीन सरकते. येथे थोडा हिशेब उपयोगी पडतो. समजा, दहा हजार लोकांची तपासणी केली. त्यांतील वीस जणांना खरोखर संसर्ग आहे आणि चाचणीने ते सर्व शोधले. चाचणी निरोगी माणसांपैकी ९९ टक्क्यांना बरोबर निरोगी ठरविते, म्हणजे उरलेल्या ९,९८० जणांपैकी सुमारे शंभरांना चुकून ‘रिॲक्टिव्ह’ म्हणते. एकूण १२० शेऱ्यांपैकी खरे वीसच. म्हणूनच शासकीय समुपदेशन व चाचणी केंद्रांत लक्षणे नसलेल्या व्यक्तीच्या एच.आय.व्ही.चे निदान तीन निरनिराळ्या चाचण्यांनी पक्के केल्यावाचून सांगत नाहीत. २०१७ च्या कायद्यानुसार संमतीवाचून ही तपासणी करता येत नाही, नोकरीसाठी तिची अट घालता येत नाही आणि निष्कर्ष गुप्त ठेवणे बंधनकारक आहे. कार्यालयात वैद्यकीय कागदपत्रे हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यांना या तरतुदीची माहिती असलीच पाहिजे.

काही वेळा ‘पॉझिटिव्ह’ ही सुवार्ताच असते. कावीळ-ब रोगाच्या तपासणीत एच.बी.एस.ए.जी. पॉझिटिव्ह म्हणजे विषाणूचा संसर्ग, परंतु अँटी-एच.बी.एस. पॉझिटिव्ह म्हणजे लसीमुळे वा पूर्वीच्या संसर्गातून बरे झाल्यामुळे मिळालेले संरक्षण. दोन्ही नावे दिसायला इतकी सारखी आहेत की लसवंत माणसानेही रात्रभर जागावे. आणि क्षयरोगाच्या निदानासाठी रक्तातील प्रतिपिंडांची जी तपासणी एकेकाळी सर्रास होई, ती इतकी दिशाभूल करणारी ठरली की केंद्र शासनाने २०१२ मध्ये तिच्यावर बंदी घातली. क्षयासाठी थुंकीच तपासावी लागते.

साथ कशाची, हे ठरविताना

चुकीच्या निदानाची किंमत व्यक्तीपुरती राहत नाही. पनवेल वा उरण तालुक्यातील एखाद्या गावात आठवडाभरात दहा जणांचे विडाल पॉझिटिव्ह आले असे धरू. ग्रामपंचायत साहजिकच पाण्याच्या टाकीकडे वळते, निर्जंतुक चूर्ण मागविते, नळ बंद ठेवते. पाणी शुद्ध राखणे केव्हाही चांगलेच. परंतु तो ताप खरोखर डेंग्यूचा असेल, तर डास घराघरांतील पिंपांत, टायरांत आणि गच्चीवरील टाक्यांत वाढतच राहतात. हिवतापाचा असेल तर बांधकामाच्या हौदांत. लेप्टोचा असेल तर उंदीर आणि चिखल यांकडे कोणी पाहतच नाही. अशा वेळी सरपंचांनी वा मुख्याध्यापकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रास कळविताना ‘गावात टायफॉईड आहे’ असे लिहिण्याऐवजी किती जणांना, कोणत्या वस्तीत, कोणत्या तारखेपासून ताप आहे, पाण्याचा स्रोत एकच आहे काय, आणि कोणाची कोणती तपासणी तापाच्या कितव्या दिवशी झाली, एवढे लिहिले तर वैद्यकीय अधिकाऱ्यास त्याचा कितीतरी अधिक उपयोग होतो. निदान चार-पाच रुग्णांचे ब्लड कल्चर व हिवतापाचे थेंब प्रतिजैविक सुरू होण्यापूर्वी घेता आले, तर साथीचे खरे नाव सहसा आठवड्याच्या आत कळते.

अहवाल घेताना त्यावर नमुना घेतल्याची तारीख व वेळ, तपासणीची पद्धत आणि डॉक्टरची सही आहे, एवढे पाहून घ्यावे. मागचे अहवाल जपून ठेवावेत. कारण ज्या स्त्रीचे हिमोग्लोबिन गेल्या वर्षी १२ होते आणि आता ९ आहे, तिच्या डॉक्टरांना त्या दोन कागदांतून जे समजते ते नव्या वीस तपासण्यांतूनही समजत नाही. आणि रुग्ण डॉक्टरांकडे जाताना तापाचा पहिला दिवस कोणता, याची नोंद कागदाच्या एखाद्या कोपऱ्यात करून ठेवावी. वर सांगितलेल्या बहुतेक तपासण्यांचा अर्थ त्या तारखेपासून मोजला जातो, आणि प्रयोगशाळेच्या अहवालावर ती कोठेच छापलेली नसते.